सावज म्हणजे सिंह: गीरमधे पहिल्यांदा फील्डवर्कला निघालेल्यांसाठी

सिंहांवर काम करायला गीरला चाललेय असं घरी सांगितलं तेव्हा आजीनं एकच प्रश्न विचारला, "म्हणजे नक्की काय करणार तू त्यांचं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता अडीच वर्षं तिथं काढून आल्यावर सांगू शकते की आजी, मोजणार, त्यांची शी गोळा करणार आणि उरलेला सगळा वेळ चहा पिणार.

दरवर्षी दोन-चार पोरंपोरी फोन करतात. बूट कुठले घेऊ, कॅमेरा कुठला, भीती वाटते का. जे खरं विचारायला पाहिजे ते कुणीच विचारत नाही, म्हणजे म्हशी मागे लागल्या तर काय, दिवसातला सातवा चहा नाकारायचा कसा, डब्यात स्कॅट, म्हणजे सिंहाची शी, असेल तर डब्यावर काय लिहायचं वगैरे. म्हणून एकदा बसून लिहून काढतेय. सिंहांची गंभीर माहिती रिपोर्टांत भरपूर मिळेल, ही बाकीची.

पायरी १: आधी कागद, मग बूट

सिंह १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी आहे, त्यामुळे गुजरात वनविभागाची लेखी परवानगी हातात नसेल तर जंगलात एक पाऊलही टाकायचं नाही, प्रोजेक्ट कितीही मोठ्या संस्थेचा असो. परवानगी आली की तिच्या पाच झेरॉक्स काढा आणि एक लॅमिनेट करून घ्या. मी लॅमिनेट केली नव्हती, एप्रिलच्या घामात खिशातल्या खिशात तिचा लगदा झाला. नाक्यावरच्या गार्डभाऊंबरोबर दहा मिनिटांपूर्वीच टपरीवर चहा घेतलेला असतो, तरी गेटवर ते परत कागद मागणार. चिडू नका, ते त्यांचं काम करतायत आणि एक दिवस त्यांनी मागितला नाही ना, तर तुम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

मुंबईहून वेरावळची गाडी पकडून जुनागढला उतरायचं, तिथून सासण, म्हणजे जंगलाच्या कडेचं गाव, बसनं साठेक किलोमीटर. जमलं तर एकदा जुनागढ-देलवाडाच्या छोट्या मीटरगेज गाडीनं जा, ती जंगलातूनच जाते, घाई नसलेल्या माणसांसाठीच बनवलीय.

कपडे मळखाऊ, खाकी नाहीतर शेवाळी. नवाकोरा कडक शर्ट घालून गेलात तर पहिल्याच दिवशी "साहेब आले" असं होतं आणि मग आठवडाभर कोणी मोकळेपणानं बोलत नाही. बुटाचा तळवा जाड घ्या. बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार येतो, आणि काटा काढायला खाली बसण्याची जागा निवडणं हाही एक वेगळा विषय आहे, त्याकडे नंतर येते.

पायरी २: मराठी येतं म्हणून गुजराती समजेल या भ्रमात राहू नका

इथं मी सगळ्यात जास्त आपटले. आपल्याला वाटतं शेजारचंच राज्य आहे, लिपीसुद्धा ओळखीची वाटते, अर्धं तर समजतंच की. ते समजलेलं अर्धंच घात करतं.

पहिल्याच सकाळी आमच्या ट्रॅकरनी, म्हणजे जंगलात माग काढणाऱ्यांनी, त्यांना सगळे बापा म्हणायचे म्हणून मीही बापाच म्हणते, करवंदाच्या जाळीकडे बोट दाखवून हळूच सांगितलं, "सावज." आता आपल्याकडे सावज म्हणजे काय? शिकार. ज्याला खायचं ते. मी मनात म्हटलं वा, चितळ असणार, आता याच्या मागावर सिंह येईल, आणि आपण ऐटीत दोन पावलं पुढे. बापांनी कॉलर धरून मागे ओढलं. गुजरातीत सावज म्हणजेच सिंह! जाळीत साहेब स्वतः पहुडलेले होते. म्हणजे त्या क्षणी मराठी अर्थानं सावज कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

त्यातून हे काठियावाड. इथं च-छ चा स होतो आणि स चा ह होतो. त्यामुळे सावजचा होतो हावज, मला तो कितीतरी दिवस "आवाज" ऐकू यायचा आणि बापा "हावज बेठो से" म्हणाले की मी कान टवकारून आवाज शोधत बसायचे. "चालो"चं "हालो" होतं. पहाटे साडेपाचला दारावर थाप मारून कोणी "हालो!" म्हटलं तर उलट "हॅलो" म्हणू नका, मी तीन दिवस म्हणत होते. ते म्हणत होते चला, निघायचंय. आणि शिंग म्हणजे शेंगदाणे. "बेन, शिंग खाशो?" असं कोणी प्रेमानं विचारलं तर दचकायचं नाही, हात पुढे करायचा.

कामाचे शब्द मात्र लगेच पाठ करून टाका. माग म्हणजे सगड, शिकार करून टाकलेलं जनावर म्हणजे मारण, बिबट्या म्हणजे दीपडो, वयात येत असलेला तरणा सिंह म्हणजे पाठडो. मालधाऱ्यांची जंगलातली वस्ती म्हणजे नेस. मालधारी म्हणजे माल बाळगणारे, आणि माल म्हणजे गुरं. तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवरचं दीड लाखाचं सामान तिथं माल या सदरात मोडत नाही.

भाषा चुकली की लोक हसतील. हसू द्या. माझं असं मत आहे की फील्डवर पहिल्या महिन्यात ज्याचं हसं झालं नाही त्याचं काम लांबतं. कारण सिंह कुठंय हे तुमच्या जीपीएसला ठाऊक नसतं, ते बापांना, म्हशी राखणाऱ्या पोराला आणि दूधवाल्याला ठाऊक असतं, आणि ही मंडळी हुशार माणसाला काही सांगत नाहीत, हुशार माणसाला वाटतं त्याला सगळं येतं. वेड्या माणसाला मात्र बोलावून बोलावून सांगतात.

पायरी ३: चहा

नेसवर गेलात की चहा येणार. "सा" म्हणतात, वर सांगितलं तसं च-छ गायब. पूर्ण दुधाचा, जाफराबादी म्हशीच्या, त्यात चहापत्ती फक्त रंगापुरती. येतो रकाबीत, म्हणजे बशीत, आणि बशीतूनच प्यायचा, कप शोधू नका. नाही म्हणायचं नाही. मी सुरुवातीला "नको, आत्ताच घेतला" असं आपल्याकडचं बोलले तर म्हातारीचा चेहराच पडला, बापांनी नंतर झापलं.

अडचण अशी की सकाळच्या फेरीत चार नेस लागतात. तर युक्ती अशी, "अडधी" मागायची. अर्धा चहा. मान राखला जातो आणि पोटही राहतं. तरी दुपारपर्यंत सात अडध्या होतात, गणित तुमचं तुम्ही करा.

चहा पिताना वही काढू नका. आधी गप्पा. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पाडस काल सिंहानं नेलं, भरपाईचा अर्ज कुठं अडकला. यातच तुमचा डेटा असतो, फक्त तो म्हशींच्या क्रमानं येतो, तारखांच्या नाही. "लाल कानवाली व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी सिंहीण तीन पिल्लं घेऊन पाण्यावर आली होती" अशी नोंद मिळते, मग लाल कानवालीची तारीख शोधत बसायचं.

जेवणाचं सुख आहे. रोटलो म्हणजे आपली बाजरीची भाकरी, ओळो म्हणजे आपलं वांग्याचं भरीत, वर लसणाची चटणी आणि तांब्याभर ताक. गुजराती जेवण म्हणजे गोड ही समजूत काठियावाडात पहिल्या घासालाच उतरते. फक्त मे महिन्यात केसर आंब्याच्या तालाळा गावाच्या आसपास आंब्यावर वाद घालू नका. मी घरून देवगडची हापूसची पेटी नेली होती, आव आणून एक फोड बापांना दिली. त्यांनी डोळे मिटून खाल्ली आणि म्हणाले, "हारी से." मी म्हटलं, हरली? इतक्यात? अख्खा कोकण एका फोडीत हरला? मग कळलं सारी म्हणजे चांगली, स चा ह. खूष झाले तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, की पण केसर ती केसर. गीरच्या केसरला २०११ पासून भौगोलिक मानांकन आहे हेही मला टपरीवाल्यानं ऐकवलं, आपण गप्प बसून खायचं. आईला सांगू नका, पण केसर खरंच भारी आहे.

पायरी ४: झोपलेल्या जनावराकडे बघायला शिका

सिंह दिवसाचे वीसेक तास पडून असतो. हे वाक्य वाचायला गंमतशीर वाटतं, पण ते वीस तास तुम्ही समोर दुर्बीण लावून बसलेले असता. ठरलेल्या मिनिटांनी शीटवर नोंद करायची असते की तो काय करतोय. माझ्या पहिल्या दिवसाची शीट अशी होती: झोपलाय. झोपलाय. झोपलाय. कान हलवला, माशी. झोपलाय. कूस बदलली (!!). ते दोन उद्गारचिन्ह बघून सिनियरनी विचारलं हे कशाला, मी म्हटलं, सर तुम्ही तिथं असता तर तुम्हीही दिले असते.

तर टिकून राहायला काय करायचं? गाणी नाही, मोबाईल नाही, आजूबाजूचं बघायला लागायचं. मोर, टेंभुर्णीवरची वानरं, वाळलेल्या सागाच्या पानावर कोण चालतंय. महिन्याभरानं असं होतं की वानर खोकलं की मान आपोआप वळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही झोपू नका. मी एकदा झाडाला टेकून पाच मिनिटं डोळे मिटले, उघडले तर समोर रिकामं गवत. बापा शांतपणे म्हणाले, हा, गयो, तमने आवजो कहीने गयो. तुम्हाला टाटा करून गेला म्हणे.

याउलट मेटिंगची जोडी मिळाली तर झोपायची सोयच नाही. दर वीसेक मिनिटांनी, दिवसरात्र, दोन-तीन दिवस. प्रत्येक वेळेची नोंद. त्यातच घरून व्हिडिओ कॉल येतो आणि काकू विचारते काय गं काय मोजतेयस. "संख्या," असं उत्तर द्यायचं आणि रेंज घालवायची.

आफ्रिकेतल्या सिंहांचे व्हिडिओ बघून गेलात तर अजून एक गोंधळ होतो. तिकडं नर-माद्या एकत्र कळपात दिसतात. गीरमधे नर बहुतेक वेळ वेगळेच फिरतात, दोघंतिघं मिळून, आणि माद्या पिल्लांना घेऊन वेगळ्या. भेटतात ते मेटिंगला किंवा मोठ्या मारणावर. सगळं कुटुंब एका फ्रेममधे मिळेल म्हणून वाइड लेन्स घेऊन बसलेला एक पुण्याचा मुलगा मला आठवतो, बिचारा.

पायरी ५: नाव नाही, ठिपके

कोणता सिंह कोणता हे ओळखायचं कसं? मिशांच्या मुळाशी काळे ठिपके असतात, ओळीत. सगळ्यात वरच्या ओळीत थोडेच असतात आणि ते खालच्या ओळीतल्या ठिपक्यांच्या मानानं कुठे बसलेत यावरून प्रत्येक सिंह वेगळा ओळखता येतो, दोन्ही गालांचे नमुने वेगळे. १९७० साली केनियातल्या सिंहांवरच्या अभ्यासातून ही पद्धत आली. वाचायला एकदम सोपी. प्रत्यक्षात सिंहाचं तोंड जाळीत खुपसलेलं असतं, दिसतं ते पोट, आशियाई सिंहाच्या पोटाखाली जी लोंबती घडी असते ती छान दिसते, पण पोटावरून कोण ओळखणार. दोन तासांनी तोंड बाहेर येतं तर त्यावर माशा. ठिपका कुठला आणि माशी कुठली! मी एकदा एका सिंहीणीला उजव्या गालावर एक ठिपका जास्त मोजून नवीनच आयडी देऊन टाकला होता, पंधरा दिवस आमच्या भागात एक काल्पनिक सिंहीण नांदत होती. फोटो मोठा करून बघितला तर ठिपक्याला पंख.

बापांना यातलं काही लागत नाही. ते चालण्यावरून ओळखतात, आपण लांबून आत्याला ओळखतो तसं. पण रिपोर्टात "चालीवरून" असं लिहिता येत नाही म्हणून ठिपके.

ठशांचं शिक्षण ट्रॅकरच देतात आणि आमच्याकडे नियम होता, ठसा चुकीचा ओळखला की सगळ्यांना अडधी पाजायची. नख उमटलंय का ते आधी बघा. सिंह आणि बिबट्या नखं आत ओढून चालतात, कुत्रा आणि तरस तसं करत नाहीत. हे मला माहिती होतं, तरी मी एका भल्यामोठ्या गावठी कुत्र्याला पाठडो म्हणाले. पाच अडध्या.

डोळ्यांना जे दिसतं ते लिहायचं, पटो न पटो. २०१८ च्या डिसेंबरात गीरमधल्या एका सिंहिणीबरोबर तिच्या दोन पिल्लांशिवाय तिसरं एक पिल्लू दिसलं, अंगावर ठिपके असलेलं, म्हणजे चक्क बिबट्याचं. तिनं ते दीडेक महिना सांभाळलं, दूध पाजलं, पुढे ते जन्मजात हर्नियानं दगावलं, २०२० मधे त्यावर शोधनिबंध निघाला. मी कायम विचार करते की पहिल्या दिवशी ज्यानं ती नोंद शीटवर लिहिली त्याला टीममधल्या किती जणांनी विचारलं असेल, काल झोपला होतास का नीट.

पायरी ६: शी

ही पायरी टाळता येत नाही. सिंह काय खातो हे त्याच्या शीमधल्या केसांवरून कळतं, चितळाचा केस, म्हशीचा केस, सांबराचा केस मायक्रोस्कोपखाली वेगवेगळा दिसतो. त्यामुळे गोळा करा, पिशवीवर तारीख आणि जीपीएस लिहा, उन्हात खडखडीत वाळवा. ताजी असेल तर वाऱ्याची दिशा बघून वाका. बस, तंत्र एवढंच.

व्यवहाराचे नियम तीन. डब्यांवर मोठ्या अक्षरात लिहा आणि ते गुजरातीत लिहा. खाण्याच्या फ्रिजमधे काहीही ठेवू नका, अगदी एक रात्रीसाठीसुद्धा, त्या एक रात्रीची किंमत मला घरमालकिणीच्या तीन आठवड्यांच्या अबोल्यानं मोजावी लागलीय. आणि घरचं कोणी भेटायला येणार असेल तर गच्ची आधी रिकामी करा. आई कराडहून आली, दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेली आणि खाली येऊन कौतुकानं म्हणाली, इथंही सांडगे घालतात वाटतं, पण फार मोठे घालतात बाई. मी काही बोलले नाही. ती बोटानं वाळलेत का बघून आली होती हे मला नंतर कळलं.

पायरी ७: सिंह नाही, म्हैस

सगळे विचारतात सिंह मागे लागला का. नाही लागला. पायी असताना शेपटीचे झटके, मागे पडलेले कान, घशातली गुरगुर यातलं काही दिसलं की थांबायचं, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, खाली वाकायचं-बसायचं नाही, ट्रॅकरच्या मागे राहून तोंड सिंहाकडे ठेवून हळूहळू मागे यायचं. पिल्लं असतील, मेटिंग असेल, मारण असेल तर मुळात जवळ जायचंच नाही. यात विनोद नाही, हे पाठ करा.

पण म्हशींचं कुणी सांगितलं नव्हतं. जाफराबादी म्हैस म्हणजे आपल्या गोठ्यातली गरीब म्हैस नाही, कपाळ दगडासारखं, शिंगं खाली वळून वर आलेली, आणि कळपानं असल्या की सिंहाला तोंड द्यायला उभ्या राहतात. एका सकाळी मी एकटीच नेसच्या मागच्या वाटेनं आले, अंगाला डासांचं क्रीम चोपडलेलं. म्हशींना तो वास आवडला नाही. आधी एकीनं मान वर केली, मग सगळ्यांनी, मग त्या निघाल्या. सिंहासमोर पळायचं नाही हे पाठ होतं, म्हशींबद्दल काही पाठ नव्हतं म्हणून मी पळाले आणि बोरीवर चढले. बोरीवर! काटे कुठे कुठे गेले ते जाऊ दे. मग सातआठ वर्षांचं एक पोरगं आलं, त्यानं तोंडानं एकच काहीतरी "ड्रर्र" केलं आणि त्या सगळ्या निमूट वळून गेल्या, ते खाली उभं राहून मला विचारतंय, बोर पिकली नाहीत ना अजून?

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पाच नेसांवर पोचली होती. मी "भेंसवाळी बेन" झाले ती कायमची. आणि गंमत बघा, त्याआधी तीन महिने ज्या नेसवर मला नुसतं चहा आणि "खबर नथी" मिळत होतं तिथली म्हातारी दुसऱ्या दिवशी म्हणाली, ये बस, काल रात्री कोण आलं होतं ते सांगते.

बायकांसाठी एक वेगळी ओळ. फील्डवर आडोसा शोधायला लाजू नका, पण ट्रॅकरला दिशा सांगून जा. मी एकदा न सांगता एका मस्त गर्द जाळीकडे निघाले तर मागून बापांचा अत्यंत सभ्य खोकला, "न्यां नहीं, बेन." तिथं आधीच एक सिंहीण आडोसा घेऊन होती. तिथल्या वनविभागात बाया गार्ड आणि रेस्क्यूच्या कामालाही आहेत, त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या, कुठली जाळी सुरक्षित ते त्या सांगतील.

पायरी ८: कॅमेरा ट्रॅप

म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. तो झाडाला बांधा, समोरचं गवत कापा. गवत कापलं नाही तर हजारभर फोटो गवताचे येतात. कापलं तर म्हशींचे येतात. मग वानर येऊन स्वतःच्या दातांचे काढतं. कॅमेरा लावलाय हे नेसवर आधी सांगून ठेवा, म्हणजे फेटा बांधून, मिशीला ताव देऊन मुद्दाम समोरून जाणाऱ्यांचे पोर्ट्रेट मिळतात, त्याच्या प्रिंट काढून दिल्या तर तुमच्यासारखं चांगलं माणूस नाही.

भटकी कुत्री आली तर मात्र ते फोटो डिलीट करू नका. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया रेंजमधे वीसहून जास्त सिंह काही दिवसांत गेले, कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला, आणि तो कुत्र्यांमधला आजार आहे. तेव्हापासून मारणावर कुत्रं दिसलं की टीममधे कोणी हसत नाही.

पायरी ९: पौर्णिमा

दर पौर्णिमेला वनविभाग "पूनम अवलोकन" करतो, चांदण्यात सिंहांची नोंद. २०२० मधे कोविडमुळे मोठी गणना झाली नाही तेव्हा याच अवलोकनावरून ६७४ चा आकडा आला. मे २०२५ च्या गणनेत तो ८९१ झाला. १९६८ साली १७७ होते हे लक्षात ठेवलं की या रात्री पाय दुखत नाहीत, म्हणजे दुखतात, पण तक्रार करवत नाही.

सोबत घ्यायचं: जाड चादर, सुके गाठिया (मऊ नको, रात्री चिवट होतात), बॅटरी आणि बॅटरीची बॅटरी. माझी पहिली पूनम नेमकी कोजागिरीची होती. आपल्याकडं गच्चीवर मसाला दूध आटत असणार, आणि मी पाणवठ्याजवळ थंडीत. एका मालधारी मावशीला सांगितलं आज आमच्यात चंद्राला दूध दाखवतात. तिनं मोठी कळशीच आणून समोर ठेवली, म्हणाली, दाखव किती दाखवायचंय ते. तेवढ्यात कुठूनतरी डरकाळी आली. सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत जाते म्हणतात, नवख्याला ती कायम उशीमागून आल्यासारखी वाटते. मी दुधासकट उभी राहिले. मावशी म्हणाली, बस, लांब आहे, त्याला दूध नकोय.

पायरी १०: नातेवाईक

तुम्ही गीरला आहात हे कळलं की शाळेतले, सोसायटीतले, भावाच्या सासरचे सगळे फोन करणार. सफारीचं बुकिंग ऑनलाइन होतं, तुमच्या हातात काही नाही, १६ जून ते १५ ऑक्टोबर पार्क बंद असतं. हे एकदा टाइप करून ठेवा आणि चिकटवत राहा. कुणी सिंहाचं नख मागेल, लॉकेटला. तो सरळ गुन्हा आहे, काकांना तसंच सांगा, रुसू देत. धाब्यावर कोणी "रात्री सिंह दाखवतो" म्हणालं तर तेही बेकायदेशीर आहे, पाहुण्यांना त्या नादाला लागू देऊ नका.

आणि कुठल्याही टपरीवर कुनो हा विषय काढू नका. सुप्रीम कोर्टानं २०१३ मधे काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात हलवायला सांगितलं होतं, ते हलले नाहीत, पुढे २०२२ मधे तिथं चित्ते आले. तुमचं यावर मत असेल, माझंही आहे, पण ते चहा संपल्यावर आणि बाईक सुरू करून.

निघताना

डेटा दोन ठिकाणी कॉपी करा, त्यातली एक कॉपी स्वतःजवळ ठेवू नका. जीपीएसच्या बॅटऱ्या काढून ठेवा. गच्ची झाडून द्या. ज्यांचे फोटो काढलेत त्यांना प्रिंट द्या. नेसवर निरोप घ्यायला एक अख्खा दिवस धरा आणि त्या दिवशी अडधी मागू नका, भरलेली रकाबी घ्या.

टपरीवरची उधारी मात्र वही बघून फेडा. माझा हिशेब मी फेडला असं मला वाटत होतं. परवा बापांचा फोन आला, आधी लाल कानवाली परत व्याली ते सांगितलं, मग पाण्यावरची सिंहीण यंदा दोन पिल्लं घेऊन आलीय ते, आणि मग म्हणाले, बेन, त्या कुत्र्याच्या पाच अडध्या अजून लिहिलेल्या आहेत.